कायमचे प्रभारी

दिवाळीला पुतण्या पुण्याहून केडगावला आला होता. फराळाची ताटली घेऊन बसला आणि चकली मोडता मोडता म्हणाला, "काका, आपल्याकडे फुटबॉलचे कोच तयारच होत नाहीत. पुन्हा एखादा गोरा आणल्याशिवाय गत्यंतर नाही." त्याआधी आठवडाभर, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला, मडगावात सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं होतं आणि २०२७ च्या आशिया कपचं दार आपल्यासाठी बंद झालं होतं. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी गप्प राहिलो. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून १-० ने हरलो. त्यांच्याकडून २२ वर्षांनी हरलो म्हणे. त्या रात्री मोबाईलवर त्याचा निरोप आला, "बघा काका!"

तेव्हाही मी उत्तर दिलं नाही. आता देतो, आणि इथेच देतो, कारण हे मत त्याच्या एकट्याचं नाही. आपल्या घरातल्या निम्म्या मंडळींचं आहे आणि इथे येणाऱ्या काही मित्रांचंही असेल.

आधीच सांगतो, मी फुटबॉलमधला जाणकार नाही. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण शिकवणाऱ्या माणसाला आपल्याकडे कसं वागवतात, हे मला पुतण्यापेक्षा थोडं जास्त कळतं. हा लेख त्याबद्दल आहे.

ज्या माणसावर हा सगळा राग निघाला तो खालिद जमील. (माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे, म्हणून एकेरी लिहितो. रागावू नये.) जन्म १९७७ चा, कुवेतचा. आखाती युद्धामुळे कुटुंब मुंबईत आलं आणि पोरगा मुंबईकर झाला. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी, असा सगळा खेळ त्याने मुंबईतल्या संघांकडून केला. मधल्या फळीत खेळायचा. भारताकडूनही खेळला. दुखापतींनी पाय थकले तेव्हा २००९ मध्ये त्याच मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. पैशाच्या बाबतीत हा संघ गरिबांतलाच. सात वर्षं त्याने तो वरच्या साखळीत टिकवून धरला. एकदाही खाली घसरू दिला नाही. अर्थात घसरू न देणं ही काही बातमी होत नाही. नापासाच्या काठावरची पोरं पास करणाऱ्या मास्तराचा फोटो कधी पेपरात आलेला पाहिलाय का तुम्ही? गुणवत्ता यादीवाल्याचा येतो.

२०१६ मध्ये मुंबईने त्याला निरोप दिला. पुढे जे झालं ते मला एखाद्या गोष्टीसारखं वाटतं. मिझोरमचा ऐझॉल एफसी हा संघ त्याच वर्षी खालच्या साखळीत ढकलला गेला होता. गोव्यातल्या मोठ्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावलं. म्हणजे पुरवणी परीक्षेला बसलेला विद्यार्थीच म्हणा! त्या संघावर खालिद आला. मुंबईचे आपले जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही पोरंही तिथे गेली. त्यांनी घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं आणि ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगला १-१ अशी बरोबरी करून आय-लीग जिंकली. ऐझॉलचे ३७ गुण, बागानचे ३६. ईशान्य भारतातल्या संघाने देशाचं विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. आणि ज्या मुंबई एफसीला त्याची गरज उरली नव्हती, तो संघ त्याच हंगामात तळाला जाऊन बाहेर पडला. पुढे बंदच झाला.

इतकं झाल्यावर मोठ्या क्लबांनी त्याच्या दारात रांग लावायला हवी होती. ईस्ट बंगालने घेतलं, एका हंगामात संपलं. मोहन बागानने २०१९ च्या जानेवारीत, हंगाम निम्मा उलटल्यावर बोलावलं. मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये तो चक्क सहायक म्हणून राहिला. २०२१ च्या जानेवारीत तिथल्या स्पॅनिश प्रशिक्षकाला काढलं आणि संघ 'तात्पुरता' याच्या हवाली केला. तात्पुरत्याने काय केलं? साखळीतला एकही सामना न हरता संघ बाद फेरीत नेला. तेव्हा कुठे कायम केलं. आयएसएलमध्ये कायम मुख्य प्रशिक्षक होणारा तो पहिला भारतीय. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा आठच्या आठ संघांचे प्रशिक्षक परदेशी होते. झिको होता, मातेरात्सी होता. पहिल्या भारतीयाला बाकावर कायमची जागा मिळायला सात वर्षं लागली.

इथे मला माझी एक हकिगत सांगावीशी वाटते. तालुक्यातल्या एका शाळेत (नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं आता नाहीत) मी प्रभारी मुख्याध्यापक होतो. चार्ज कधी मिळाला? फेब्रुवारीत. दहावीची परीक्षा तोंडावर, गणिताचे शिक्षक दीर्घ रजेवर, सहीचे अधिकार यायला पुढचे दोन महिने. तोवर साधी खडूची पेटी आणायची तरी खिशातून. जूनमध्ये निकाल लागला, तो आदल्या वर्षीपेक्षा कमी. समितीच्या बैठकीत मला उभं करून विचारलं, "सर, असं कसं झालं?" नंतर बाहेरून कायम मुख्याध्यापक आणले. त्यांचा पहिला निकाल माझ्याहून वाईट लागला. तेव्हा तीच समिती म्हणाली, नवीन आहेत, वेळ द्यायला हवा.

प्रभारी या शब्दात जबाबदारी सगळी असते आणि अधिकार काही नसतात. भारतीय फुटबॉलने आपल्या माणसांना वर्षानुवर्षं प्रभारी ठेवलं आहे. गोव्याचे आर्मांदो कुलासो घ्या. धेंपो क्लबला त्यांनी पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. पाच वेळा! त्यांना २०११ मध्ये राष्ट्रीय संघ दिला तो काही महिन्यांपुरता. मग गोव्याचेच साव्हियो मदेरा. त्याच डिसेंबरात दिल्लीला सॅफ स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानवर ४-० असा विजय. मार्चमध्ये काठमांडूला तीन सामने हरले आणि संपलं. त्यानंतर २०१२ पासून डच, इंग्रज, क्रोएशियन, स्पॅनिश अशी माणसं आली. तेरा वर्षं एकाही भारतीयाकडे हे पद गेलं नाही.

त्या सगळ्यांना मी वाईट म्हणत नाही. स्टीफन कॉन्स्टंटाइनच्या काळात २०१९ च्या आशिया कपात आपण थायलंडला ४-१ ने हरवलं, ते मान्यच करायला हवं. प्रश्न मोजमापाचा आहे. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं होते. २०२४ च्या मार्चमध्ये गुवाहाटीत, आपल्याच मैदानावर, अफगाणिस्तानकडून हरलो. तरी लगेच काही झालं नाही. जूनमध्ये काढलं, तर करार शिल्लक होता म्हणून महासंघाला चार लाख डॉलर भरपाई मोजावी लागली. त्यांच्यानंतर स्पेनचे मानोलो मार्केझ आले. आठ सामने, एक विजय, आणि तोही मालदीववर. यांच्यापैकी कोणाकडे बोट दाखवून पुतण्या कधी म्हणाला का, की गोऱ्यांमध्ये कोच तयारच होत नाहीत? एक स्पॅनिश हरला तर मार्केझ हरले. एक भारतीय हरला की सगळे भारतीय हरतात!

आणि खालिदच्या हाती पद आलं कधी? १ ऑगस्ट २०२५ ला. म्हणजे माझ्यासारखंच, फेब्रुवारीत. आशिया कपच्या पात्रता फेरीतले सहांपैकी दोन सामने होऊन गेलेले आणि खात्यात एक गुण. आयएसएलचा पुढचा हंगाम होणार की नाही हेच कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे कित्येक खेळाडू सरावाविना. (या पदासाठी १७० अर्ज आले होते. त्यांत स्पेनच्या चावीच्या नावाचाही एक होता. पेपरांत दोन दिवस गाजला आणि मग तो बनावट असल्याचं निघालं. आपल्या महासंघाचा कारभार कसा चालतो, यावर मी आणखी काय लिहू?) अशा अवस्थेत तो महिन्याभरात मध्य आशियातल्या काफा स्पर्धेला संघ घेऊन गेला. यजमान ताजिकिस्तानला हरवलं, पेनल्टींवर ओमानला हरवलं आणि तिसरा नंबर आणला. त्या आठवड्यात पुतण्याचा निरोप आला नव्हता, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

पुढे सिंगापूर झालं, ढाका झालं. चुका झाल्याच. खालिदचा खेळ जरा भित्रा असतो, आधी गोल वाचवायचा आणि मग जमलं तर करायचा, असं जाणकार म्हणतात आणि मलाही पटतं. नॉर्थईस्टला कायम केल्यावरच्या हंगामात त्याचा संघ दहावा आला, हेही खरं. पण त्यानंतर जमशेदपूरला तो आयएसएलच्या उपांत्य फेरीपर्यंत आणि २०२५ च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. दहावा आल्यावर शिकलेला माणूस आहे तो.

स्कॉटलंडच्या ॲलेक्स फर्ग्युसनचं नाव पुतण्याला पाठ आहे, मँचेस्टर युनायटेडचा बनियन घालून फिरतो. त्याला विचारा, फर्ग्युसन ग्लासगोचा साधा कामगाराचा मुलगा, रेंजर्सकडून खेळला, प्रशिक्षक झाल्यावर सेंट मिरेन क्लबने त्याला काढून टाकलं, हे ठाऊक आहे का? १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टरला आला. पहिला चषक मिळाला १९९० मध्ये. लीग जिंकली १९९३ मध्ये. मधे प्रेक्षकांनी 'आता जा' असे फलक धरले. क्लबने ऐकलं नाही. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा तेरा लीग विजेतेपदं झाली होती.

परदेशातला दाखला नको असेल तर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम घ्या. पेशाने शाळामास्तर होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १९५१ च्या आशियाई खेळांत त्यांच्या संघाने सुवर्ण जिंकलं आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं झोडपलं. दहा-एक! बांगलादेशचा एक गोल कुठे आणि हे कुठे. तेव्हा मोबाईल नव्हते म्हणून की काय, रहीमसाहेब टिकले. १९५६ ला मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण. तेव्हा ते कर्करोगाने पोखरलेले होते. पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपण पाहिलेलं नाही.

तर माझं म्हणणं इतकंच आहे. खालिद असो वा उद्या दुसरा कोणी डेरिक परेरा असो, भारतीय माणसाला पूर्ण चार वर्षं द्या, पहिल्या दिवसापासून सहीचे अधिकार द्या, क्लबांकडून खेळाडू हक्काने मागायची मुभा द्या. स्टिमाचला जितकी वर्षं दिली तितकी देऊन बघा आणि मग निकाल मागा. तेव्हाही वाईट लागला तर मी स्वतः पुण्याला येऊन पुतण्याची माफी मागीन, चकल्या घेऊन.

त्याने उत्तर इथेच लिहून द्यावं. फोनवर मला आता नीट ऐकू येत नाही, आणि तो बोलतोही भरभर.