नुसती स्वस्ताई पुरत नाही

जोराचा पाऊस झाला की नालासोपारा, आचोळे भागात गुडघाभर पाणी साचते. इथला ग्राहक म्हणूनच शोरूममध्ये आधी वाकून गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते पाहतो. मग मायलेज, सुटे भाग आणि पुढे विकताना येणारी किंमत विचारतो. नुसती कमी किंमत त्याला भुलवत नाही: २००९ मध्ये लाखाची गाडी म्हणून गाजलेल्या टाटा नॅनोला ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच नडला. काही गाड्या पेटल्याने धास्तीही बसली. तेव्हा तळेगावात कारखाना असलेल्या शेवरोलेने २०१७ मध्ये देशातली विक्री थांबवली. कंपनीच निघून गेली की जुन्या गाडीचा भाव पडतो, हे ग्राहक विसरत नाही. कंपन्यांनी आधी इथले रस्ते पाहावेत, सर्व्हिस सेंटर उभारावे, मगच जाहिराती कराव्यात.