दौलताबादचा कडा आणि मिठाची पोती

दौलताबादचा किल्ला पाहून परतणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी एक उद्गार हटकून ऐकू येतो. ‘पूर्वीचे लोक बांधीत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून, आजचे लोक बांधतात ते बिल निघावे म्हणून!’ उद्गार चटकदार आहे आणि निम्मा खराही आहे. कंत्राटी कामांतील लबाडीची वकिली करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु या उद्गाराच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. टिकाऊपणा हा दगडचुन्याचा गुण असून तो बांधतेवेळी एकदाच वास्तूत घातला की पुढे कोणास काही करावयाचे उरत नाही, अशी ती समजूत होय. ही समजूत केवळ चुकीची नाही, ती प्राणघातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते सिद्ध करावयास दौलताबादेहून अधिक सोयीचे स्थळ आम्हांस दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे १५ किलोमीटरांवरचा हा डोंगर. सभोवारच्या मैदानातून तो सुमारे २०० मीटर उंच उठलेला आहे. त्याच्या बाजू तासून सरळसोट कडा केला आहे, भोवती खडकातच खंदक खोदला आहे आणि वर जाण्याचा मार्ग काळोख्या भुयारातून नेला आहे. येथील मुख्य तटबंदी रचलेली नाही, कोरलेली आहे. तिला सांधे नाहीत, म्हणून ते उघडे पडण्याची भीती नाही. चुना नाही, म्हणून तो झडण्याची भीती नाही. मजबुतीचा याहून चांगला मासला मिळणे कठीण.

आणि तरीही १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी या कड्याखाली येऊन ठेपला तेव्हा रामदेवराय यादवाला शरण जावे लागले. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत आपल्याकडे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ऐनवेळी घाईघाईने किल्ल्यात नेलेली पोती धान्याची म्हणून नेली, उघडून पाहतात तो आत मीठ! पुढे १६३३ साली महाबतखानाने वेढा घातला. तेव्हा सुरुंगांनी बाहेरचे तट उडाले; परंतु फत्तेखानाने अखेर किल्ला खाली करून दिला, त्यात आतल्या उपासमारीचा वाटा मोठा होता. दोन्ही वेळा कडा जागच्या जागी होता. आजही आहे. पडला तो किल्ला, कडा नव्हे. कारण किल्ला म्हणजे नुसता कडा नसतो. किल्ला म्हणजे कडा, कोठार, पाणी आणि त्यांवर नजर ठेवणारा मनुष्य. यांतील सर्वांत कच्चा दुवा तुटला की सर्वांत पक्का दुवा निरुपयोगी ठरतो.

आता ‘पूर्वीचे सारे टिकले’ या विधानाचाच हिशेब करू. दौलताबादेत जे उभे आहे ते आपण पाहतो. जे पडले ते कसे पाहणार? त्याच आवारात मोडके महाल आहेत, ढासळलेले तट आहेत. ज्या नगरीत महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी आणली, तिचा विस्तार डोळ्यांपुढे उभा करावयास आज कल्पनाशक्तीच लागते. शंभर इमारतींतील पाच उरल्या आणि त्या पाचांवरून आपण शंभरांची थोरवी गाऊ लागलो, तर त्यास इतिहासाभिमान म्हणता येईल; हिशेब म्हणता येणार नाही.

जुन्या कारागिरांचे खरे शहाणपण कशात होते, याचाही दाखला याच मुलखात आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे आजच्या संभाजीनगरास, डोंगराकडून भूमिगत नहरीने पाणी आणले. इंधन नाही, यंत्र नाही. पाण्याच्या स्वाभाविक उतारावर आणि दाबावर सारे काम. हल्ली ज्यास ‘शाश्वत’ अशी पदवी देतात, तिला ही नहर पूर्ण पात्र आहे. परंतु तिच्यातील आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी आत उतरण्याजोगी तोंडे बांधून ठेविली होती. आज ना उद्या गाळ साचणार, कोणीतरी उतरून तो काढावा लागणार, हे बांधणाराने बांधतानाच गृहीत धरले होते. आपली कृती अमर आहे अशी त्याची समजूत नव्हती. नंतरच्या शहाण्यांनी तिच्यावर घरे चढविली, रस्ते नेले. ती जागोजाग फुटली आणि बुजली. तेव्हा पूर्वजांच्या नावाने गळा काढणारांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्यांनी ठेविलेली देखरेखीची तोंडे बंद करणारे आपणच आहो.

देखरेखीवाचूनच्या अभिमानाची किंमत किती, ते सावित्रीवरील पुलाने दाखविले. महाडजवळचा हा कमानींचा दगडी पूल इंग्रजी अमदानीतला. म्हणजे आपल्या दिवाणखान्यांत ज्यांच्या भक्कमपणाची कौतुके चालतात त्यांपैकीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वराकडून आलेल्या पुराने तो नेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह अंधारात नाहीशा झाल्या. शेजारी नवा पूल उभा असूनही जुन्यावरची वाहतूक चालूच होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे सरकारतर्फे मागाहून सांगण्यात आले. परंतु पुलाचा जीव त्याच्या कमानीत नसतो, पाण्याखालच्या पायात असतो. पूर पायाखालची माती खरवडून नेतो आणि वरची कमान अखेरच्या क्षणापर्यंत सुरेख दिसत राहते. वरून पाहिलेला पूल म्हणजे बाहेरून पाहिलेले पोते!

येथे एक आक्षेप येईल. ‘तपासणी होऊनही पूल पडतात, मग तपासणीचा आग्रह कशासाठी?’ आक्षेप पोकळ नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी पडून माणसे दगावली. तोही स्ट्रक्चरल ऑडिटात किरकोळ दुरुस्तीपुरता योग्य ठरला होता. परंतु यावरून निघते ते एवढेच, की दाखला म्हणजे तपासणी नव्हे. पोत्यावर ‘धान्य’ असे लिहिल्याने मिठाचे धान्य होत नाही. आमचा आग्रह कागदासाठी नाही, पोते उघडण्यासाठी आहे.

तिसरा प्रकार याहून खेदाचा. पोते उघडले, आत मीठ आहे हे कळले, आणि तरीही स्वस्थ बसलो! १५ जून २०२५ रोजी तळेगावानजीक कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. तो धोक्याचा आहे हे गुपित नव्हते. तसा फलकही तेथे होता. फलक लावणे म्हणजे धोका वाचकाच्या अंगावर ढकलून मोकळे होणे. धोका टाळावयाचा तर वाट बंद करावी लागते, आणि बंद करणारास लोकांचा राग सोसावा लागतो. हा राग आपणच करतो. पूल बंद झाला की वळसा पडतो म्हणून ओरड करणारे आणि पूल पडला की सरकार झोपले होते म्हणणारे बहुधा एकच असतात.

खुद्द दौलताबादही यातून सुटलेले नाही. ८ एप्रिल २०२५ रोजी किल्ल्यावरील वाळलेले गवत पेटले, आग वर चढत गेली आणि बंब चढणीपाशीच अडले. सात शतके शत्रूस वर येऊ न देणाऱ्या कड्याने मदतीसही वर येऊ दिले नाही! उन्हाळ्यात गवत वाळते आणि वाळले म्हणजे पेटते, हे कळावयास पुराणवस्तुशास्त्र लागत नाही. फाल्गुनाआधी गवत कापणे व वर पाण्याची काही सोय ठेवणे, एवढ्याच साध्या उपायांचा हा प्रश्न आहे.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा वर्षांपासून तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी व त्यापुढे दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. किती सभांत हा विषय वर्गणीच्या धास्तीने ‘पुढील सभेत घ्यावा’ असा ठराव होऊन पुढे ढकलला जातो, हे वाचकांनी स्वतःस विचारावे. त्याच गच्चीवर मग बाग येते, जादा टाक्या येतात, सूर्यशक्तीची तावदाने येतात. सूर्यशक्तीस आमचा विरोध नाही. परंतु तावदानास वजन असते, वाऱ्याने ते उपटू पाहते आणि त्याच्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी लोखंडापर्यंत पोचते. छतास हा भार पेलेल काय, एवढे विचारल्यावाचून केलेला पर्यावरणाचा उत्सव सुरक्षित होत नाही. ‘हरित’ हे विशेषण कॉंक्रीट वाचीत नाही.

आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक सार्वजनिक बांधकामाची एक वही असावी आणि ती कोणाही नागरिकास पाहावयास मिळावी. बांधकाम कधीचे, किती भारासाठी केलेले, शेवटी कोणी पाहिले, हे तीत असावेच. परंतु काय पाहता आले नाही, हेही तीत लिहिलेले असावे. बांधकामाचा पैसा मंजूर होतो त्याच कलमाने देखभालीचाही व्हावा. आणि धोका दिसताच वाट बंद करण्याचा अधिकार एका नामनिर्देशित अधिकाऱ्यास असावा व तो बजावल्याबद्दल त्याची बदली होऊ नये. फीत कापणारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो. गाळ काढणाराचे नाव निदान वहीत तरी लिहावे.

रामदेवरायाच्या माणसांपाशी वेळ नव्हता. शत्रू दारात होता. त्यांची चूक क्षम्य म्हणता येईल. आपल्यापाशी दोन पावसाळ्यांच्या मध्ये आठ महिने असतात.