मुलांची क्वाड बाइक: पैसे वेगावर नको, ब्रेकवर घाला




सुट्टी लागली की आमच्या बदलापुरात कात्रपला, तिकडे अंबरनाथच्या कानसईत आणि उल्हासनगरच्या कॅम्पांत हल्ली एक वाहन गल्लीत दिसू लागतं. चार जाडजूड टायर, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, वर सहा-सात वर्षांचं मूल आणि मागे मोबाइलवर व्हिडिओ काढत चालणारे बाबा. वाढदिवसाला क्वाड बाइक देणारे पालक वाढत आहेत. मुलांनी ती चालवूच नये असं माझं म्हणणं नाही. पण ती निवडताना आणि नंतर तिच्यात ‘काम करून घेताना’ आपण सगळा पैसा वेगावर घालतो. तो ब्रेकवर, हेल्मेटवर आणि ताब्यात राहणाऱ्या गाडीवर घालायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

घोळ सुरू होतो मापापासून. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा तशी ही गाडी घेतली जाते. ‘४९ सीसी दोन वर्षांत लहान पडेल, ११० सीसीच न्या,’ असं दुकानात सांगतात आणि ते आपल्याला पटतं. पण त्या गाडीचं वजन आजच्या मुलालाच पेलायचं असतं. बहुतेक क्वाडमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच सरळ एक्सलवर असतात, मोटारीतला डिफरन्शियल नसतो. वळताना आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्याला जास्त अंतर कापायचं असतं. इथे दोन्ही सारखीच फिरतात, म्हणून गाडी सरळच जाऊ बघते. तिला वळवायला चालवणाऱ्याने अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं. वीस-बावीस किलोचं पोर आपल्या तिप्पट वजनाच्या गाडीवर कितीही वाकलं तरी फरक पडत नाही. मग ते घाबरून हँडल जोरात फिरवतं, गाडी कलंडते, मूल खाली आणि गाडी वर. सायकलवरून पडलं तर गुडघा फुटतो, इथे छाती दबते. ‘पडल्याशिवाय मुलं शिकत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

गाडी घेण्याआधी मुलाला तिच्यावर बसवून पाहा. पावलं फूटरेस्टवर पूर्ण टेकली पाहिजेत. हँडल पूर्ण वळवलं तरी लांबचा हात सुटता कामा नये. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचून ती दाबता आली पाहिजे. उभं राहिल्यावर सीट आणि मूल यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. यातलं एक जरी जमलं नाही, तर ती गाडी त्या मुलाची नाही, मग सवलत कितीही असो.

अमेरिकेत ही वाहनं आपल्या कितीतरी आधी घराघरांत गेली आणि तिथे मुलांचे जीवही गेले. १९८८ मध्ये तिथल्या कंपन्यांनी सरकारशी न्यायालयामार्फत करार केला आणि या प्रकारच्या नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. आज तिथल्या मानकानुसार सहा वर्षांवरच्या गटातली गाडी लिमिटर लावून ताशी १६ किलोमीटर आणि लिमिटर काढूनही २४ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना याच्याही पुढे जाते: १६ वर्षांखालच्या कुणालाही क्वाड चालवायला देऊच नका, असा तिचा सल्ला आहे. मी तेवढं टोक गाठत नाही. पण निदान सहा वर्षांखालच्या मुलाला इंजिनाच्या गाडीवर बसवू नये.

आता गॅरेजमधल्या कामाबद्दल. थ्रॉटलच्या डबीवर एक बारीक स्क्रू आणि त्याला लॉकनट असतो. तो आत फिरवला की अंगठा ठरावीक अंतराच्या पुढे जात नाही. मुलाच्या जिवाची सगळ्यात स्वस्त राखण हीच, आणि गॅरेजमध्ये पहिल्यांदा ढिला केला जातो तो हाच. बॅटरीच्या गाड्यांत तर याहून वाईट प्रकार चालतो. १२ व्होल्टच्या जागी १८ किंवा २४ व्होल्टची बॅटरी बसते, फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तारेचा तुकडा घातला जातो. पातळ वायरी तापतात. मुख्य म्हणजे अशा बहुतेक खेळण्यांना वेगळा ब्रेक नसतो. पाय उचलला की मोटरच गाडी रोखते. वाढलेल्या जोराने गिअरचे प्लॅस्टिकचे दाते तुटले, की मोटरचा चाकाशी संबंध संपतो. उतारावर ती गाडी थांबवायला काहीही उरत नाही.

उल्हासनगरच्या कारागिराच्या हाताला अशक्य असं काही नाही, हे सगळा ठाणे जिल्हा जाणतो. त्याच हातांकडून वेगळं काम करून घ्या. मागे दोरीचा किल स्विच बसवून घ्या. म्हणजे चालत येणाऱ्या मोठ्या माणसाने दोरी ओढली की इंजिन बंद. उघड्या चेनला गार्ड लावून घ्या, ब्रेकचे पॅड आणि केबल बदलून घ्या, बॅटरीच्या गाडीत योग्य क्षमतेचा फ्यूज परत बसवा. हेल्मेट मुलाच्या डोक्याच्या मापाचं आणि आयएसआय खुणेचं घ्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवरही ती खूण सक्तीची आहे, तेव्हा बॅटरीची गाडी घेताना आधी ती शोधा. पेट्रोलवर चालणारी गाडी मात्र खेळणं समजू नका. युरोपच्या २००९ च्या खेळण्यांविषयीच्या कायद्याने इंजिनाच्या गाड्या खेळण्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत.

‘हिला पासिंग लागत नाही’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. मोटार वाहन कायद्यातली २५ सीसीपर्यंतची सूट चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांना आहे. क्वाडला चाकं चार. बंदिस्त आवारात वापरायच्या खास वाहनांची गोष्ट निराळी, पण गल्लीत आणलीत की नोंदणी, विमा, परवाना सगळं लागू होतं. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९-अ पुण्याच्या कल्याणीनगरमधल्या अल्पवयीन चालकाच्या अपघातानंतर, मे २०२४ पासून, बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे: अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. पण कैदेपेक्षा मला काटई–कर्जत रस्त्यावरच्या डंपरची भीती जास्त वाटते. बुटक्या क्वाडवरचं मूल त्या ड्रायव्हरला दिसतच नाही.

मग चालवायची कुठे? बंदिस्त, सपाट, मातीच्या जागेत, मोठं माणूस सोबत असताना, गाडीवर एकच मूल. डांबरावर नको, तिथे मऊ टायर रस्त्याला धरतात आणि वळणावर गाडी पटकन उलटते. कर्जतच्या बाजूच्या रिसॉर्टमध्ये मुलाला क्वाडवर बसवणार असाल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी आधी दाखवायला सांगा.

उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी एखाद्या मैदानाचा कोपरा कुंपण घालून रविवारी सकाळी या मुलांना द्यावा. दुकानदारांनी गाडी विकताना मुलाला समोर बसवून मापावं आणि माहितीपत्रक मराठीत, हिंदीत, सिंधीत द्यावं. आणि गॅरेजवाल्या दादांना हात जोडून विनंती: बाप कितीही आग्रह करो, तो थ्रॉटलचा स्क्रू ढिला करायला नाही म्हणा.

आपला,
एक पालक, बदलापूर (पूर्व)