शिफारस कुणाची मोजायची?

आपल्या मोहर्लीला वाघ पाहायला येणारे पाहुणे आधी फोनवर शोधतात. कोणतं पान वर येतं? १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी युक्ती मांडली : ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते महत्त्वाचं. मग काही लबाडांनी दुसऱ्यांच्या पानांखाली आपलेच पत्ते चिकटवले. परक्या भिंतीवर जाहिराती चिकटवतात ना, तसे! म्हणून २००५ मध्ये गूगलने ‘नोफॉलो’ खूण आणली. खूण असलेला दुवा मोजायचा नाही. पण सुक्याबरोबर ओलंही जळालं; प्रामाणिक शिफारसही बाद झाली. २०१९ मध्ये गूगलने ठरवलं, ही खूण फक्त इशारा मानायची. मला हे पटतं. तुम्हीसुद्धा सफारीचे पैसे भरण्याआधी आईबाबांना विचारा : पहिलं पान वर आलं खरं, पण शिफारस कुणाची?