दोष आईच्या रक्तात नाही

अमेरिकेत 2022 साली बालमृत्यूचा दर वाढला. वीस वर्षांत पहिल्यांदाच. हजार जन्मांमागे 5.44 होता, तो 5.60 झाला. वाढ लहान दिसते. पण गोऱ्या मातांची हजारात साडेचार बाळे वर्षाच्या आत दगावली आणि काळ्या मातांची जवळजवळ अकरा!

कारण विचारले की उत्तर ठरलेले: गरिबी, अडाणीपणा. पण तिथल्याच नोंदी सांगतात की पदवीधर काळ्या बाईचे बाळ शाळा अर्धवट सोडलेल्या गोऱ्या बाईच्या बाळापेक्षा जास्त धोक्यात असते. मग म्हणे, रक्तातच काही असेल. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदींचा अभ्यास 1997 साली छापून आला. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या मातांच्या बाळांची वजने गोऱ्यांच्या बाळांच्या जवळपास भरली. अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या मातांची बाळे मात्र हलकी. म्हणजे बाधते ते रक्त नव्हे, तिथे काळी म्हणून काढलेले आयुष्य. सेरेना विल्यम्ससारख्या जगज्जेत्या टेनिसपटूने बाळंतपणानंतर श्वास लागतोय म्हणून सांगितले, तर नर्सला वाटले औषधामुळे बरळतेय. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या निघाल्या.

आपल्या दलित पँथरने 1972 साली ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरने वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले होते, ते उगाच नाही.

आता आपल्याकडे पाहू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा बालमृत्यूदर हजारी 35 होता, अनुसूचित जातींचा सुमारे 41. आणि बाळंतिणीच्या खोलीत आपल्या लेकीसुनांना काय ऐकावे लागते? "तुम्हा लोकांना कळतच नाही." हे ऐकून आपणही घरी येऊन सुनेलाच बोल लावतो, हे आम्हाला जास्त लागते.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरले तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवा, अंगावरचेच दूध पाजा, आशाताईंना बोलवा. दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता 108 लावा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्याआणण्याचा खर्च सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. "काही नाही, घरी न्या" असे कोणी न तपासता म्हणाले, तर तेच केसपेपरवर लिहून मागा. सुनेला एकटी पाठवू नका, घरातले दोघे जण सोबत जा.