शांतीचे पदक गेले तेव्हा तिच्या पाठीशी कोण होते?

शांती सौंदराजन हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पी. टी. उषा सगळ्यांना माहीत आहे, असायलाच हवी. पण आशियाई क्रीडा स्पर्धेत देशासाठी रौप्यपदक जिंकलेली आणि ते गमावून वीटभट्टीवर मजुरीला गेलेली दलित धावपटू आपल्या व्याख्यानांत आणि जयंतीच्या फलकांवर क्वचितच दिसते. म्हणून हा लेख.

शांतीचा जन्म १९८१ चा. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील कथाकुरिची हे तिचे गाव. आईवडील वीटभट्टीवरचे मजूर, पाच भावंडांत ती थोरली. धावण्याची गोडी आजोबांनी लावली. पुरेसे अन्न नाही, मैदान नाही, अशा स्थितीतून ती २००५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक घेऊन आली. डिसेंबर २००६ मध्ये दोहाच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने हेच अंतर २ मिनिटे ३.१६ सेकंदांत पार केले आणि कझाकस्तानच्या धावपटूला अवघ्या तीन शतांश सेकंदांनी मागे टाकले.

त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली. ही तपासणी कशासाठी चालली आहे, हे आपल्याला नीट सांगितलेच नाही, असे शांतीने पुढे अनेकदा सांगितले. काही दिवसांतच ती चाचणीत 'नापास' झाल्याची बातमी देशभर पसरली. पदक गेले, धावणे थांबले. त्या अहवालात काय होते याची चर्चा आम्ही इथे करणार नाही. तो तिचा खासगी वैद्यकीय विषय आहे. तो चव्हाट्यावर आला, हाच पहिला अन्याय.

शांतीने उत्तेजक घेतले नव्हते. ती मुलगी म्हणून जन्मली, वाढली आणि मुलगी म्हणूनच धावली. तरीही तिच्या वाट्याला गुन्हेगाराची वागणूक आली. तामिळनाडू सरकारने तिला १५ लाखांचे बक्षीस दिले, हे नोंदवायलाच हवे. त्यातील पैसा तिने गावाकडच्या गरीब मुलांना धावायला शिकवण्यासाठी वापरला. पण ज्या भारतीय ऑलिम्पिक संघटनेने तिला देशाच्या नावाने धावायला पाठवले होते, ती तिच्या बाजूने लढली नाही. या काळात शांतीने आत्महत्येचा प्रयत्न केल्याच्याही बातम्या आल्या. २०१२ मध्ये ती वीटभट्टीवर रोजाने काम करताना देशाला दिसली. प्रशिक्षकाची कायम नोकरी मिळायला पदक गेल्यानंतर जवळपास दहा वर्षे लागली.

इथे काही मित्र विचारतील, नियम आंतरराष्ट्रीय आहे, त्यात जात कुठून आली? प्रश्न रास्त आहे. नियमात जात लिहिलेली नाही. पण नियमाचा घाव बसल्यावर वकील कोण उभा करणार, इंग्रजी कागद कोण वाचणार, दिल्लीत फोन कोण लावणार आणि घर कशावर चालणार, हे आपल्या देशात जात आणि वर्गच ठरवतात. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता धावपट्टीवर दिसत नाही. ती धावपट्टीच्या बाहेर पाऊल टाकताच दिसते.

दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. कॅस्टर सेमेन्याने २००९ मध्ये बर्लिनला ८०० मीटरचे विश्वविजेतेपद जिंकले, तेव्हा तिच्याही शरीराची जगभर चर्चा झाली. तिथल्या क्रीडा संघटनेनेही चुका केल्या. पण वर्णद्वेष भोगलेला तो समाज आणि त्याचे सरकार 'ही आमची मुलगी आहे' म्हणून उभे राहिले. सेमेन्या परतली, तिने रिओ ऑलिम्पिकचे सुवर्ण जिंकले. २०१९ मध्ये क्रीडा लवादात ती हरली, तरी लढत राहिली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तिला न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती, असा निकाल दिला.

आपल्याकडेही २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंदवर हीच वेळ आली, तेव्हा भारतीय क्रीडा प्राधिकरणाने तिच्या अपिलाला साथ दिली. २०१५ मध्ये लवादाने त्या नियमांना स्थगिती दिली. म्हणजे मनात आणले तर हा देश आपल्या खेळाडूमागे उभा राहू शकतो. मग शांतीच्या वेळी का नाही राहिला? आणि द्युतीच्या निकालानंतरही तिचे पदक परत का आले नाही?

दुसरा आक्षेप असा की, इतर महिला खेळाडूंचे काय? त्यांना बरोबरीची स्पर्धा मिळू नये का? मिळायलाच हवी. महिलांचा गट वेगळा ठेवण्यामागे कारण आहे, आणि सीमारेषा कुठे आखावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण खेळाडूला तिच्या भाषेत समजावून सांगणे, तिची संमती घेणे, अहवाल गुप्त ठेवणे, अपिलाची संधी देणे आणि तिचे पोट सांभाळणे, यात कसला वैज्ञानिक वाद आहे? हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. व्यक्तीची प्रतिष्ठा आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत लिहिलेली आहे.

हा विषय जुना झाला असे समजू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तिच्या जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात धावू इच्छिणाऱ्यांना जनुक चाचणी सक्तीची केली आहे. उद्या आपल्या वस्तीतील, तांड्यावरची, पाड्यावरची एखादी मुलगी त्या पातळीवर पोहोचली, तर तिलाही या दारातून जावे लागेल. त्या दिवशी ती एकटी असता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. आपल्या भागात धावणाऱ्या मुली कोण आहेत, त्यांची नोंद ठेवा. त्यांच्या आहाराची, बुटांची आणि हक्कांच्या माहितीची जबाबदारी वाटून घ्या. आणि चाचणीपूर्वी समुपदेशन, मातृभाषेतून संमती, गोपनीयता व मोफत कायदेशीर मदत यांची हमी जिल्हा क्रीडा कार्यालयापासून राष्ट्रीय संघटनेपर्यंत लेखी मागा. आपल्यातील वकील आणि डॉक्टर मित्रांची खरी गरज इथे आहे.

शांतीने राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडेही दाद मागितली. ती अजूनही मुलांना धावायला शिकवते. तिच्या पदकाची मागणी ही तिची एकटीची मागणी राहू नये.

जय भीम!