घर आपले, पण जमीन कोणाची?

जोयडा तालुका हा अरण्याचा, काळी नदीचा आणि विखुरलेल्या वाड्यांचा तालुका. बहुमजली इमारत, सदनिकाधारकांची सर्वसाधारण सभा, देखभाल शुल्काची थकबाकी हे शब्द येथील अंगणात परके वाटावेत हे स्वाभाविक आहे. परंतु रोजगार जेथे असतो तेथे माणूस जातो आणि जेथे तो स्थिरावतो तेथे घर करतो. रामनगरहून अनमोड घाट उतरून गोव्यात गेलेली, बेळगाव-हुबळीत नोकरीस लागलेली, बंगळूर गाठलेली या तालुक्यातील तरुण पिढी आज जे घर विकत घेते ते बहुधा कुठल्या तरी मजल्यावरील सदनिका असते. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून, भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम उचलून आणि बँकेच्या कर्जाचे ओझे वीस-वीस वर्षे खांद्यावर घेऊन हा व्यवहार होतो. आयुष्याची पुंजी ज्यात ओतली त्या वस्तूचे आपण नेमके किती मालक आहोत, हा प्रश्न मात्र खरेदीच्या गडबडीत क्वचितच विचारला जातो.

किल्ली हाती आली म्हणजे मालकी पूर्ण झाली, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सदनिकेच्या भिंतींना अर्थ येतो तो त्यांच्याखालील जमिनीमुळे आणि भोवतालच्या जिना, गच्ची, विहीर, पाण्याची टाकी व मोकळी जागा यांमुळे. या सामाईक मालमत्तेचा हक्क सर्व सदनिकाधारकांकडे रीतसर आलेला नसेल, तर इमारत उभी असेतोवर कोणाचे काही अडत नाही. पण ती जीर्ण झाली, पुन्हा बांधावयाची झाली की बांधकाम व्यावसायिक अथवा मूळ जमीनमालक पुढे येतो आणि जमीन आपलीच असल्याचे सांगतो.

महाराष्ट्राने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. तेथील १९६३ च्या कायद्याने सदनिकाधारकांची संस्था स्थापन करून तिच्या नावे जमीन व इमारत करून देण्याचे बंधन बांधकाम व्यावसायिकावर घातले आणि नियमांनी त्यासाठी चार महिन्यांची मुदत ठरविली. ही मुदत असंख्य ठिकाणी कागदावरच राहिली. अखेर २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून, व्यावसायिक टाळाटाळ करीत असेल तर सक्षम अधिकाऱ्यामार्फत मानीव अभिहस्तांतरण मिळविण्याची वाट मोकळी करावी लागली. इमारतीखालील वाहनतळाची जागादेखील स्वतंत्रपणे विकण्याचा प्रघात पडला होता. मुंबईतील दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अशी जागा सदनिकेप्रमाणे विकता येत नाही, असा निर्वाळा दिला, तेव्हा कोठे हा प्रश्न निकाली निघाला.

कर्नाटकात घोटाळा निराळ्या प्रकारचा आहे. येथे १९७२ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने बांधकाम व्यावसायिकावर अंकुश ठेवला व सदनिकाधारकांची सहकारी संस्था वा कंपनी स्थापण्यास सांगितले. दुसऱ्याने निवासी सदनिकेची स्वतंत्र मालकी मान्य करून जमीन व सामाईक भागांतील प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा निश्चित केला. या दुसऱ्या कायद्याचा लाभ हवा असेल तर घोषणापत्र करून ते उपनिबंधकाकडे नोंदवावे लागते. हे सोपस्कार टाळून अनेकांनी १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा आश्रय घेतला. धर्मादाय, शिक्षण, क्रीडा अशा कार्यांसाठी असलेल्या त्या कायद्याखाली मंडळाला नाव मिळते, शिक्का मिळतो. जमिनीवरचा हक्क मात्र मिळत नाही. नोंदणी नेमकी कोणत्या कायद्याखाली करावी, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत वारंवार गेला, यातच सामान्य गृहस्थाची कोंडी किती झाली असेल हे दिसून येते.

हा भेद केवळ वकिलांच्या कुतूहलाचा नाही. १९७२ च्या सदनिका मालकी कायद्यानुसार सामाईक खर्चाची थकबाकी हा त्या सदनिकेवरील बोजा ठरतो. सरकारी व नगरपालिकेचे कर आणि पहिले गहाण एवढीच देणी त्याच्या आधी येतात. नावापुरत्या मंडळाच्या हाती असे कोणतेच साधन नसते. मग थकबाकीदाराचे पाणी तोडणे, त्याच्या नावाचा फलक लावणे असले मार्ग अवलंबिले जातात आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर माजते. कायद्याने दिलेले हत्यार जवळ नसले की माणूस बेकायदा हत्यार उचलतो. दोष वृत्तीचा असतो, तसाच तो चुकीच्या नोंदणीचाही असतो.

२०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने या बाबतीत बरीच सुस्पष्टता आणली, हे मान्य केले पाहिजे. स्थानिक कायद्यात अन्य तरतूद नसल्यास, बहुसंख्य ग्राहकांनी सदनिका नोंदविल्यापासून तीन महिन्यांत संघटना स्थापन झाली पाहिजे आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन महिन्यांत सामाईक भागांचा हक्क तिच्या नावे झाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारीही त्याने व्यावसायिकावर टाकली आहे. पण याच कायद्याने संघटनेच्या स्थापनेत सहभागी होणे हे ग्राहकाचेही कर्तव्य ठरविले आहे, याकडे दुर्लक्ष होते. सभेला जावयाचे नाही, हिशेब पाहावयाचे नाहीत आणि दहा वर्षांनी फसवणूक झाल्याचा टाहो फोडावयाचा, ही रीत आता सोडली पाहिजे.

शासनाचीही यातून सुटका नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक निश्चित कार्यालय असावे, तेथे सदनिकाधारकांच्या संघटनांची नोंद व्हावी, सामाईक मालमत्तेचे दस्त तपासले जावेत आणि प्राथमिक तंटे तेथेच मिटावेत, ही आमची मागणी आहे. कर्ज देताना विक्रेत्याचे कागद बारकाईने पाहणाऱ्या बँकांनी ग्राहकालाही दोन गोष्टी समजावून सांगाव्यात: जमिनीतील त्याचा हिस्सा खरेदीखतात लिहिला आहे काय, आणि संघटना कोणत्या कायद्याखाली होणार आहे. गोव्यात घर घेणाऱ्याने तेथील २००१ चा सहकारी संस्था कायदा आणि कर्नाटकात घेणाऱ्याने येथील कायदे जाणून घेणे अगत्याचे आहे. घाट ओलांडला की कायदा बदलतो.

जोयड्याच्या माणसाला हे पटवून देण्यास फार शब्द खर्चावे लागू नयेत. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पुरे झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, आणि कित्येक कुटुंबांना रामनगरसारख्या वसाहतीत नव्याने चूल मांडावी लागली. घर किती पिढ्यांचे होते, याला सरकारी दप्तरात मोल नसते. तेथे नाव कोणाचे लागले आहे एवढेच पाहिले जाते, हे विस्थापितांइतके कोणाला ठाऊक असणार? ज्यांच्या वडिलांनी हा धडा घर गमावून घेतला, त्यांच्या मुलांनी तो घर घेताना विसरू नये. सदनिकेची किल्ली स्वीकारण्यापूर्वी जमिनीचा कागद मागावा, आणि तो एकट्याने न मागता साऱ्या शेजाऱ्यांनी मिळून मागावा.